आधी कुंपण बघा, मग वेल

पाऊस सुरू झाला की रोपवाटिकेत एक मागणी हमखास ऐकू येते : 'कुंपण झटकन झाकेल अशी वेल द्या.' विकणारा हाताशी असेल ती मधुमालती नाहीतर संक्रांतवेल पिशवीत घालून देतो. कुंपण कशाचं आहे, हे कुणी विचारत नाही. खरं तर पहिला प्रश्न तोच.

आंब्याला स्वतःचा भार स्वतः पेलायचा असतो, म्हणून त्याची बरीच कमाई लाकडात जाते. वेल तो खर्च टाळते. दुसऱ्याच्या खांद्यावर चढायचं म्हटल्यावर खोड बारीक चालतं, आणि जे वाचतं ते लांबी वाढवायला कामी येतं. एवढ्याशा खोडातून वरच्या पानांना पाणी पुरावं म्हणून आतल्या जलवाहिन्या चांगल्या रुंद असतात. रानातली जुनी जाड वेल आडवी कापली तर ती भोकं नुसत्या डोळ्यांनी दिसतात. म्हणजे वेलीचा वेग उधारीचा, आणि उधारी तुमच्या कुंपणाच्या खात्यावर. पावसात भिजलेली मधुमालती गंजक्या जाळीला आडवी करते, ती यामुळेच.

चढायच्या तऱ्हाही वेगवेगळ्या. चार्ल्स डार्विनने 1865 साली यावर एक लांबलचक निबंध प्रसिद्ध केला. हॉप नावाच्या वेलीचा शेंडा हवेत गोल फिरत आधार चाचपतो आणि उन्हाळ्याच्या दिवसांत सरासरी 2 तास 8 मिनिटांत एक फेरी पुरी करतो, हे त्याने मोजलं. आपल्याकडची गोकर्ण, गणेशवेल, गुळवेल, वाल या सगळ्या याच जातकुळीच्या. त्यांना तार किंवा बांबूची काठी द्या, खूश. पण सिमेंटचा जाड खांब दिला तर शेंड्याला वेढा घालता येत नाही, तो घसरून खाली लोंबतो.

कृष्णकमळ, कारलं, तोंडली यांच्याकडे तणावे, म्हणजे आधार पकडणारे दोऱ्यासारखे बारीक अवयव असतात. कृष्णकमळाच्या एका भाईबंदाच्या तणाव्याला डार्विनने काडीने स्पर्श केला, तर साधारण अर्ध्या मिनिटात टोक वाकू लागलेलं दिसलं! टोकाने तार पकडली की तणावा स्प्रिंगसारखा पिळतो आणि वेलीला जवळ ओढतो. दोन्ही टोकं अडकलेली असल्याने अर्धे वेढे एका दिशेचे आणि अर्धे उलट पडतात. कारल्याच्या वेलीवर हे जरूर पाहा. वाऱ्याने हिसका बसला तरी स्प्रिंग ताणते, वेल तुटत नाही. तणाव्यांना आधार बारीकच लागतो, म्हणून तारेच्या जाळीला यांच्यासारखं दुसरं काही नाही.

बोगनवेल नावाचीच वेल. ती काट्यांच्या जोरावर रेलते, बांधल्याशिवाय नीट चढत नाही; मात्र गुरं आत येऊ नयेत म्हणून उत्तम. नुसत्या गुळगुळीत भिंतीवर यातलं काहीच चालणार नाही. तिथे मुळांनी चिकटणारी बारीक पानांची फायकस लावा, नाहीतर आधी तारा ठोका. गुलाबी आइस्क्रीम क्रीपर मात्र मी कुणाला सुचवत नाही. मेक्सिकोची ही पाहुणी जमिनीत कंद धरते. वरून कितीही कापा, पुन्हा येते.

आणखी एक तक्रार नेहमीची : वर गच्च हिरवळ, गुडघ्याशी नुसत्या दोऱ्या. शेंड्यातून खाली झिरपणारं ऑक्झिन नावाचं वाढीचं संप्रेरक बाजूच्या डोळ्यांना, म्हणजे न फुटलेल्या कोंबांना दाबून ठेवतं, त्यामुळे वेल सरळ उजेडाकडे धावते. उपाय सोपा. वेल हातभर झाली की शेंडा खुडायचा आणि फुटलेल्या फांद्या जाळीवर आडव्या बांधायच्या.

कायमची वेल जोर धरेपर्यंत पहिल्या पावसाळ्यात मी घोसाळं आणि दोडका लावतो. जूनमध्ये बी टोचलं की गणपतीपर्यंत कुंपण झाकतं आणि भज्यांची सोय होते. घोसाळ्याची पिवळी फुलं सकाळी उमलतात, दोडक्याची संध्याकाळी. दोन्ही शेजारी लावली, तर त्याच जाळीवर सकाळी मधमाश्या येतात आणि दिवेलागणीला पतंग.