घरगुती कॉफी (पुणे)

पुण्यातील घरांत कॉफीची पूड वा बिया निवडण्याच्या आणि कॉफी करण्याच्या पद्धती. शहरात दोन जुन्या तऱ्हा शेजारीशेजारी नांदतात. एक मराठी घरांतली, दुधात पूड, साखर आणि जायफळ घालून उकळलेली. दुसरी दाक्षिणात्य, दोन कप्प्यांच्या फिल्टरमधून डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, गाळून त्यात गरम दूध घालण्याची. फ्रेंच प्रेस (भिजवलेली पूड जाळीच्या दट्ट्याने खाली दाबण्याचे भांडे), पोअर-ओव्हर (गाळणीतल्या पुडीवर वरून पाणी ओतणे), मोका पॉट (वाफेच्या दाबाने पाणी पुडीतून वर चढवणारी किटली), एरोप्रेस (हाताने दाबून कॉफी गाळण्याची नळी) ही तिसरी तऱ्हा अलीकडची असून ती बहुधा दूध न घालता पिणाऱ्यांची आहे.

पुणे मुळात चहाचे शहर. चौकाचौकात अमृततुल्य असताना कॉफीला घरात पाहुणीचाच मान राहिला. परीक्षेची रात्र, उपास, हळदीकुंकू किंवा ‘मी चहा सोडलाय’ असे सांगणारे काका, अशा निमित्ताने ती होई. जुन्या पिढीला पोलसनची चिकोरीमिश्रित कॉफी आठवते. पेस्तनजी एडलजी दलाल यांचा हा मुंबईचा व्यवसाय लोण्यासाठी प्रसिद्ध होण्याआधी कॉफीचाच होता. साखर मिसळलेल्या कॉफीच्या वड्याही वाण्याकडे मिळत. जायफळ झोप आणते ही समजूत आणि कॉफी झोप उडवते हा अनुभव, दोन्ही एकाच पातेल्यात उकळताना कोणाला काही वावगे वाटले नाही. फिल्टर कॉफीची ओळख मात्र बाहेरून झाली. कॅम्प, खडकी आणि रास्ता पेठेतील दाक्षिणात्य कुटुंबे ती आपल्या घरी करतच होती. विसाव्या शतकाच्या मध्यास फर्ग्युसन रस्त्यावर जगन्नाथ शेट्टी यांची रूपाली (पूर्वीचे कॅफे मद्रास) आणि वैशाली (पूर्वीचे मद्रास हेल्थ होम) ही उपाहारगृहे रुजली आणि इडली-डोशामागून कॉफी मागवण्याची सवय सदाशिव-नारायणातल्या मंडळींनाही लागली.

पुण्यात विकली जाणारी बहुतेक कॉफी कर्नाटकातून येते. भारतातील सुमारे ७० टक्के कॉफी तिथे पिकते. त्याखालोखाल केरळ आणि तमिळनाडू. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनमधून सात बिया आणून चिक्कमगळूरजवळच्या डोंगरावर लावल्या, अशी आख्यायिका आहे. अरेबिका आणि रोबस्टा या दोन जाती व्यापारात महत्त्वाच्या. अरेबिका साधारण १,००० मीटरच्या वर चांगली येते. तिला सुगंध आणि सौम्य आंबटपणा असतो. रोबस्टा सखल भागात पिकते, तिची चव कडवट व जाड, आणि कॅफीन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट. दुकानात ‘प्लँटेशन ए’ असे लिहिलेले दिसले तर ती धुऊन सुकवलेली अरेबिका. ‘ए’ हे अक्षर दाण्याच्या आकाराचे. ‘चेरी’ म्हणजे फळासकट वाळवलेली. ‘पीबेरी’ म्हणजे फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी धरलेली. ती दिसायला देखणी आणि भाजायला सोयीची, पण केवळ गोल आहे म्हणून तिला जास्त पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही.

निवडीचा खरा प्रश्न चिकोरीपाशी येतो. चिकोरी हे एका झाडाचे भाजून दळलेले मूळ. त्यात कॅफीन नसते. ते डिकॉक्शनला गडद रंग, दाटपणा आणि किंचित गोडसर कडवटपणा देते. भारतीय नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि प्रमाण वेष्टनावर छापावे लागते. त्यामुळे ‘५३-४७’ असे लिहिलेले पाकीट कायद्यात बसते, पण त्यातली जवळजवळ निम्मी पूड कॉफी नव्हे. चिकोरीला सरसकट भेसळ म्हणणे हा नवशिक्यांचा अतिउत्साह आहे. दुधाच्या कॉफीसाठी ‘८०-२०’ हे प्रमाण पुष्कळ घरांना मानवते, आणि ज्या घरात कॉफी उकळूनच केली जाते तिथे महागडी शुद्ध अरेबिका आणणे म्हणजे पैसे वाफेवर सोडणे. समोर बिया दळून देणाऱ्या दुकानात प्रमाण, भाजणी आणि दळणाची जाडी तिन्ही सांगून घेता येतात. तिथे ‘फिल्टरसाठी’ एवढे म्हटले तरी दुकानदाराला कळते.

प्रमाणाइतकाच ताजेपणा महत्त्वाचा. भाजलेल्या बियांतून काही दिवस कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो; भाजल्यापासून आठवडाभराने चव स्थिरावते आणि पुढचे तीन-चार आठवडे उत्तम राहते. दळल्यावर मात्र सुगंध दिवसागणिक उडतो. पाकिटावर भाजल्याची तारीख असेल तर ती पाहावी. ‘अमुक महिन्यांपर्यंत उत्तम’ या मजकुरावरून काहीच समजत नाही. दोघांच्या घरात रोज एकेक कप झाला तर २५० ग्रॅम पूड सुमारे बारा दिवस जाते. त्याहून जास्त एका वेळी आणू नये. घरी दळायचे असल्यास दात्यांचा हातग्राइंडर बरा. मिक्सरच्या पात्यांनी काही कण पीठ होतात, काही जाडेभरडे राहतात आणि एकाच कपात कडूही लागते, पाणचटही. मिक्सरच वापरायचा तर थांबत थांबत फिरवावा, म्हणजे बिया तापत नाहीत.

पाण्याकडे पुण्यात फारसे कोणी लक्ष देत नाही, आणि चव बिघडण्याचे कारण अनेकदा तेच असते. खडकवासला धरणसाखळीतून येणारे महापालिकेचे पाणी कॉफीला चांगले. उपनगरांतील सोसायट्या टँकर आणि बोअरवेलवर असतात. बेसाल्ट खडकातून आलेले हे पाणी बहुधा जड असते आणि त्यातले बायकार्बोनेट कॉफीचा आंबटपणा मारून टाकते. उलट आरओ यंत्रातून सगळे क्षार काढलेल्या पाण्यात कॉफी बोथट लागते. मध्यम खनिजांचे, लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास विरघळलेले क्षार असलेले पाणी आदर्श समजतात. आरओचे आणि बोअरचे पाणी थोडे थोडे मिसळूनही तिथवर पोहोचता येते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्यामुळे इथे पाणी ९८ अंश सेल्सिअसलाच उकळते. कॉफीसाठी ९२ ते ९६ अंश लागतात, म्हणजे गॅस बंद करून अर्धा-एक मिनिट थांबले की पुरे. तापमापकाची गरज नाही.

दक्षिणी फिल्टर स्टीलचा किंवा पितळेचा असतो. वरच्या कप्प्याच्या तळाला बारीक भोके असतात आणि पूड दाबण्यासाठी दांडीची चकती. दोन कपांसाठी तीन मोठे चमचे शिगोशीग, म्हणजे सुमारे २० ग्रॅम पूड घ्यावी. ती बारीक रव्याहून थोडी बारीक असावी. चकती अलगद ठेवावी. दाबून बसवली की थेंब पडणेच थांबते. आधी पूड भिजेल एवढेच पाणी घालावे. ताजी पूड इथे फुगून वर येते, शिळी तशीच पडून राहते. अर्ध्या मिनिटाने बाकीचे पाणी घालावे, एकूण १२० मिलिलिटर. पूड आपल्या वजनाच्या दुपटीइतके पाणी धरून ठेवते, म्हणून पंधरा-वीस मिनिटांत खाली साधारण ८० मिलिलिटर डिकॉक्शन उतरते. चिकोरी पाणी धरून गळती मंदावते. चिकोरी सोडून शुद्ध कॉफीकडे वळलेल्यांचे डिकॉक्शन पातळ का होते, याचे उत्तर यातच आहे. त्यांनी पूड थोडी अधिक बारीक दळून घ्यावी. डिकॉक्शन पुन्हा उकळू नये. कपात आधी ते, मग त्याच्या तिप्पट कडकडीत दूध, शेवटी साखर.

दूध कोणते, यावर पूड ठरते. पुण्यात चितळे, कात्रज यांच्या म्हशीच्या दुधाची सवय जुनी आहे. त्यातला स्निग्धांश गायीच्या दुधापेक्षा बराच जास्त असल्यामुळे कमी भाजलेली नाजूक अरेबिका त्यात बुडून जाते. अशा दुधाला गडद भाजणीची, थोडी रोबस्टा आणि चिकोरी असलेली पूडच पुरी पडते. हलकी भाजणी दुधात घालायचीच असेल तर गायीचे घ्यावे, तेही ताजे. जुन्या दुधाला कॉफीची आम्लता लागली की ते फाटते.

पातेल्यातल्या मराठी कॉफीत अर्धे पाणी, अर्धे दूध घेतात. साखर विरघळून उकळी आली की पूड घालून गॅस लगेच बंद करावा, दोन मिनिटे झाकावे आणि गाळावे. पूड खळखळ उकळली की ती कडू होते, आणि मग जायफळ वाढवत जावे लागते. जायफळ सहाणेवर दोन वेढे उगाळलेले किंवा चिमूटभर किसलेले पुरते. फार झाले तर ते अपायकारक असते. इन्स्टंट पूड आणि साखर थेंबभर पाण्यात फेटून केलेली ‘फेटलेली कॉफी’ वसतिगृहांत लोकप्रिय आहे. तिच्यात फेस भरपूर, कॉफी यथातथा.

काळ्या कॉफीसाठी फ्रेंच प्रेस सर्वांत सोपा : १५ ग्रॅम जाड दळलेली पूड, २५० मिलिलिटर पाणी, चार मिनिटे. पोअर-ओव्हरमध्ये प्रमाण तेच, दळण मध्यम, ओतणे तीन मिनिटांत संपवायचे; कागदी गाळणीमुळे तेल अडते आणि चव स्वच्छ येते. मोका पॉटमध्ये गरम पाणी भरून मंद आचेवर ठेवावे आणि गुरगुर सुरू होताच उतरवावे.

जून ते सप्टेंबर पुण्याची हवा इतकी दमट असते की उघडी राहिलेली पूड गोळे धरते. हवाबंद डबा, कोरडा चमचा आणि गॅसपासून दूरचे फडताळ एवढे पथ्य पाळावे. रोज उघडायचा डबा फ्रीजमध्ये ठेवू नये, कारण बाहेर काढताच आत ओल धरते आणि कॉफीला कालच्या लसणीच्या चटणीचा वास लागतो. फिल्टरची भोके बुजली की ब्रश आणि गरम पाण्याने घासावीत; तरीही न उघडल्यास स्टीलचा वरचा कप्पा रिकामा करून क्षणभर ज्योतीवर धरतात, अडकलेली पूड जळून झडते.