मिनिटमनची डागडुजी आणि सेंटिनेलची उभारणी: गल्लत नेमकी कुठे होते?

अमेरिका आपल्या जमिनीवरच्या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांचं आधुनिकीकरण करतेय, अशा बातम्यांत बहुतेक वेळा दोन वेगळ्या कामांची सरमिसळ झालेली असते. एक काम मिनिटमन-३ या जुन्या क्षेपणास्त्राचं आयुष्य वाढवण्याचं, दुसरं त्याच्या जागी सेंटिनेल ही नवी क्षेपणास्त्र यंत्रणा आणण्याचं. पागडीच्या इमारतीला टेकू लावणं आणि तिचा पुनर्विकास करणं यात जेवढं अंतर, तेवढंच या दोन कामांत आहे.

मिनिटमन-३ तैनात व्हायला लागलं १९७० मध्ये, आणि आयुष्य धरलं होतं १० वर्षांचं. आजही ४०० क्षेपणास्त्रं मोंटाना, नॉर्थ डकोटा आणि वायोमिंगमधल्या तीन तळांच्या ताब्यात, शेता-कुरणांच्या मध्ये खणलेल्या सायलोंमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या विहिरीसारख्या कोठारांत, सज्ज उभी आहेत. जुनी खरी, पण आतून बरीच बदललेली. घन इंधन वर्षानुवर्षं पडून राहिलं की त्याला तडे जातात, ते कवचापासून सुटायला लागतं. म्हणून १९९० च्या दशकाच्या अखेरीस जुनं इंधन काढून नवं ओतायची मोहीम सुरू झाली. दिशादर्शनातली इलेक्ट्रॉनिक्स बदलली, क्षेपणास्त्राला दिशेचं भान देणारा जायरोस्कोपचा मंच मात्र जुनाच ठेवला. डागडुजीची रीत हीच: नासलेलं काढायचं, चालतंय त्याला हात लावायचा नाही. नियंत्रण कक्षांना जोडणाऱ्या संदेशयंत्रणेत तर २०१९ पर्यंत आठ इंची फ्लॉपी होत्या! त्यावरून टिंगल खूप झाली, पण काम अडलं नव्हतं.

सेंटिनेल म्हणजे फक्त नवं क्षेपणास्त्र, असं समजलं की खर्चाचा हिशोबच लागत नाही. बोइंगने अंग काढून घेतल्यावर नॉर्थ्रॉप ग्रमन ही एकच कंपनी स्पर्धेत उरली आणि सप्टेंबर २०२० मध्ये तिला १३.३ अब्ज डॉलरचं कंत्राट मिळालं. हा आकडा विकसनाच्या टप्प्यापुरता. पूर्ण प्रकल्पाचा अंदाज जुलै २०२४ मध्ये १४०.९ अब्जांवर गेला, म्हणजे आधीपेक्षा ८१ टक्के जास्त. एवढी वाढ झाली की कायद्याने प्रकल्प रद्द करायचा की चालू ठेवायचा याचा फेरविचार करावा लागतो. पेंटागॉनने तो केला आणि प्रकल्प चालू ठेवला.

मला यातली खरी गोम जमिनीखाली दिसते. खर्च फुगला तो मुख्यतः क्षेपणास्त्रामुळे नव्हे, तर सायलो, नियंत्रण कक्ष आणि त्यांना जोडणाऱ्या हजारो किलोमीटरच्या केबलमुळे. मूळ बेत जुने सायलो दुरुस्त करून वापरायचा होता. पण ते १९६० च्या दशकातले. २०२५ मध्ये वायुदलाने सांगून टाकलं की बरेचसे सायलो नव्यानेच खणावे लागतील. (क्षेपणास्त्राच्या टोकावर बसणारं अण्वस्त्र हा तिसराच विषय, तो ऊर्जा खात्याकडे असतो.)

मग जुन्यावरच आणखी काही वर्षं का काढू नयेत? तशी वेळ आलेलीच आहे. सेंटिनेल रखडल्यामुळे मिनिटमन २०५० पर्यंत चालवण्याची शक्यता वायुदल तपासतंय. अडचण चाचण्यांची आहे. कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्गहून पॅसिफिकमधल्या क्वाजालीनच्या दिशेने चाचणीसाठी सोडलेलं प्रत्येक मिनिटमन साठ्यातून कायमचं कमी होतं, आणि त्याचं उत्पादन बंद होऊन कित्येक दशकं लोटली आहेत.