जपानमधील करवजावट आणि मुंबईतील आईवडिलांची कागदपत्रे

जपानमध्ये नोकरी करणारा मुलगा किंवा मुलगी मुंबईतील आईवडिलांना नियमित पैसे पाठवत असेल, तर त्यांना आश्रित दाखवून तिथल्या आयकरात वजावट मागता येते. हक्क स्पष्ट आहे, तरीही दर वर्षअखेरीस अनेकांचे अर्ज परत येतात. बहुतेकांचे कारण एकच असते: पैसे वडिलांच्या खात्यात गेलेले असतात आणि वजावट मात्र दोघांची मागितलेली असते. अशा कागदपत्रांची जपानी भाषांतरे मी करते, आणि दरवर्षी तीच चूक नव्या घरात झालेली पाहून वाईट वाटते, कारण ती जानेवारीत सहज टाळता आली असती.

पात्रता वयावर ठरते आणि वय त्या वर्षाच्या 31 डिसेंबरला मोजले जाते. वेगळे राहणाऱ्या आईवडिलांपैकी ज्यांनी 70 वर्षे पूर्ण केली आहेत त्यांच्यासाठी 4,80,000 येन, तर त्याखालील वयासाठी 3,80,000 येन उत्पन्नातून वजा होतात. मात्र 2023 पासून 30 ते 69 या वयातील परदेशस्थ नातेवाइकांसाठी एक जादा अट लागू झाली आहे. ती व्यक्ती दिव्यांग नसेल, तर तिच्या उदरनिर्वाहासाठी त्या वर्षात किमान 3,80,000 येन पाठवल्याचा पुरावा द्यावा लागतो. सत्तरीपुढच्या व्यक्तीसाठी रकमेची अशी किमान मर्यादा नाही, पण पैसे पाठवल्याचा पुरावा त्यांच्यासाठीही लागतोच. सासूसासऱ्यांसाठीही वजावट मागता येते. त्यासाठी पत्नीचा जन्मदाखला आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडावा लागतो.

अडचण कुठे येते ते एका उदाहरणाने सांगते. लालबागच्या एका घरात वडील 72 वर्षांचे आणि आई 64 वर्षांची. मुलाने वर्षभर पाठवलेल्या पैशांच्या बारा पावत्या त्यांनी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये महिन्यांच्या क्रमाने लावून आणल्या होत्या. एकूण रक्कम दोघांसाठी पुरेशी होती, पण बाराही पावत्यांवर घेणाऱ्याच्या जागी वडिलांचेच नाव होते. जपानचा नियम असा की पुरावा प्रत्येक आश्रितासाठी स्वतंत्र लागतो, आणि एकाच्या नावावर एकत्र पाठवलेली रक्कम फक्त त्याच व्यक्तीची धरली जाते. त्यामुळे वडिलांची वजावट मिळाली, आईची नाकारली गेली. त्या माउलीने विचारले, “पैसे तर घरातच येतात ना? मग माझे का नाहीत?” या प्रश्नाला माझ्याकडे नियमाचे उत्तर होते, न्यायाचे नव्हते.

म्हणून आईचे स्वतःचे बचत खाते असावे आणि तिच्या वाट्याचे पैसे थेट त्याच खात्यात यावेत. मुलाने स्वतःच्या एनआरई खात्यात (अनिवासी भारतीयांचे भारतातील खाते) पैसे भरून एटीएम कार्ड आईवडिलांकडे दिले असेल, तर त्या व्यवहारात पैसे आईला मिळाल्याचे कुठेच दिसत नाही. सुट्टीत येताना हातात आणलेली रोख रक्कमही धरली जात नाही, कारण बँकेचा किंवा परवानाधारक हस्तांतर संस्थेचा कागद नसतो. आणखी एक गैरसमज वर्षाबद्दलचा आहे. आपल्या डोक्यात 31 मार्च पक्का बसलेला असतो, पण जपानचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असे असते. मार्चपर्यंत भरपाई करू असे म्हणून फेब्रुवारीत पाठवलेली रक्कम पुढच्या वर्षात मोजली जाते. सगळी रक्कम डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एकदम पाठवणेही टाळावे, कारण पैसे गरजेनुसार वेळोवेळी दिले गेले हे दिसणे अपेक्षित असते.

नात्याचा पुरावा म्हणजे मुलाचा जन्मदाखला, आणि खरी धावपळ इथे होते. मुंबईत जन्माची नोंद रुग्णालय ज्या वॉर्डात आहे तिथे असते, घराच्या वॉर्डात नव्हे. परळच्या केईएममध्ये जन्म झाला असेल, तर बोरिवलीच्या कार्यालयात खेटे घालून काहीच हाती लागत नाही. शिवाय आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होत असल्यामुळे कित्येकांची नोंद सांगली किंवा रत्नागिरीकडच्या एखाद्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत असते, आणि ते घरात कोणालाच आठवत नाही. जुन्या नोंदींत बाळाच्या नावाची जागा कोरी असते. तसा दाखला निरुपयोगी ठरतो, म्हणून आधी त्यात नाव चढवून घ्यावे.

जपानला नातेवाइकाचे नाव, जन्मतारीख आणि पत्ता या तिन्ही गोष्टी सरकारी कागदावर हव्या असतात. आपल्या जन्मदाखल्यावर आईवडिलांची नावे असतात, त्यांच्या जन्मतारखा नसतात. त्यासाठी त्यांचा पासपोर्ट जोडणे सर्वांत सोयीचे, कारण जन्मतारीख आणि पत्ता दोन्ही त्यावर असतात. आधार कार्ड देणार असाल तर ते आधी नीट पाहा; अनेक ज्येष्ठांच्या आधारवर केवळ जन्मवर्ष असते. लग्नात आईचे नाव बदलले असेल आणि दाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरे नाव असेल, तर विवाहाचा दाखला किंवा राजपत्रातील नावबदलाची सूचना जोडावी. नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र सरकारने दिलेला दाखला नसल्यामुळे एकट्याने पुरत नाही, तरी लोक त्यावर पैसे घालवतात. जन्मदाखला मूळ प्रतीत मागितला जातो, म्हणून एकदम दोन-तीन प्रती काढून ठेवाव्यात. जपानी भाषांतर आवश्यक आहे, पण ते अर्जदाराने स्वतः केले तरी चालते. ते नोटरीकडून प्रमाणित करून घ्यावेच लागेल असे सांगून कोणी मोठी रक्कम मागत असेल, तर देऊ नये.

नात्याचे कागद आश्रितांच्या घोषणापत्रासोबत, तर पैसे पाठवल्याचे पुरावे वर्षअखेरच्या समायोजनाच्या वेळी, म्हणजे कंपनी वर्षभराच्या कराचा हिशेब जुळवते तेव्हा, कंपनीकडे द्यायचे असतात.

ही कडक तपासणी अकारण आलेली नाही. परदेशी आश्रितांचे जपानबाहेरचे उत्पन्न मोजले जात नाही आणि काही जण अनेक नातेवाईक दाखवून जवळपास कर भरतच नाहीत, याकडे तिथल्या लेखापरीक्षण मंडळाने 2013 या आर्थिक वर्षाच्या अहवालात लक्ष वेधले. त्यानंतर 2016 पासून पुरावे सक्तीचे झाले. पुरावा मागणे मला योग्यच वाटते. अमेरिकेत तर मुंबईत राहणारे आईवडील तिथले नागरिक वा रहिवासी नसतील, तर त्यांना आश्रित दाखवताच येत नाही, त्या मानाने जपानने दार उघडे ठेवले आहे. परंतु 3,80,000 येन म्हणजे दोन-सव्वादोन लाख रुपये. ही एकच रेघ न्यूयॉर्कच्या आणि लालबागच्या आईला सारखीच लावणे, आणि नवराबायकोची एकच तिजोरी असलेल्या घरात आईचा हिस्सा शून्य धरणे, हे मला अन्यायाचे वाटते.

वजावट म्हणजे परतावा नव्हे, हेही लक्षात ठेवावे. वीस टक्के दराने आयकर भरणाऱ्याला 3,80,000 येनांच्या वजावटीवर सुमारे 76,000 येन वाचतात, आणि रहिवासी करात, म्हणजे तिथल्या स्थानिक करात, आणखी 33,000 येन. तेवढ्यासाठी झेपणार नाही अशी रक्कम उसनवारी करून पाठवू नये.

कंपनीची मुदत चुकली तरी हक्क जात नाही. पुढच्या वर्षी 16 फेब्रुवारी ते 15 मार्च या काळात स्वतः विवरणपत्र भरता येते, आणि केवळ परताव्यासाठीचे विवरणपत्र पाच वर्षांपर्यंत देता येते. मात्र त्यासाठीही पावती त्या वर्षाची आणि त्या व्यक्तीच्याच नावाची लागते. लालबागच्या त्या आईने आता घराजवळच्या बँकेत स्वतःचे खाते उघडले आहे, आणि मुलाची पहिली रक्कम जानेवारीतच तिच्या नावावर जमा झाली आहे.