बाह्य ड्राइव्हवरून संगणक बूट करणे

संगणकातल्या हार्ड डिस्कऐवजी पेनड्राइव्ह, बाह्य हार्ड डिस्क किंवा एसएसडीवरच्या कार्यप्रणालीने संगणक सुरू करण्याची पद्धत. नवी विंडोज किंवा लिनक्स टाकण्यासाठी ती सर्रास वापरली जाते. मात्र तिचा खरा मोलाचा उपयोग दुसरा आहे : आतल्या डिस्कवर काहीही न लिहिता तिच्यातल्या फायली बाहेर काढणे.

ही कल्पना जुनीच. १९८१ सालचा आयबीएम पीसी फ्लॉपीवरूनच सुरू होई. पुढे सीडी आली आणि २००० साली जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी सीडीवरून थेट चालणारे ‘नॉपिक्स’ हे लिनक्स वितरण आणले. आता ती जागा पेनड्राइव्हने घेतली आहे.

बटण दाबताच मदरबोर्डवरचे फर्मवेअर (चिपमध्येच साठवलेला प्राथमिक प्रोग्रॅम) जागे होते आणि ठरलेल्या क्रमाने ड्राइव्ह तपासते. त्याचा जुना प्रकार बायोस; ते ड्राइव्हचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर (साठवणीचा तुकडा) वाचून त्यातला कोड चालवते. नवा प्रकार यूईएफआय; ते फॅट या फाइल-पद्धतीच्या विभाजनातल्या (ड्राइव्हच्या भागातल्या) ‘ईएफआय’ फोल्डरमधली बूट फाइल शोधते. म्हणूनच आयएसओ फाइल (कार्यप्रणालीच्या डिस्कची एकाच फाइलमधली प्रत) पेनड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट केली तर मशीन तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. रुफस किंवा बलेनाएचरसारख्या साधनाने ती ‘बर्न’ करावी लागते, आणि त्यात पेनड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते. व्हेंटॉय हे साधन पेनड्राइव्हवर एकदा बसवले की मात्र आयएसओ नुसत्या कॉपी करून चालतात. आयएसओतल्या फायली सुट्या करून हाताने कॉपी करण्यातही अडचण आहे : फॅट३२ या फॅटच्या प्रकारात ४ जीबीची फाइल मावत नाही. विंडोजची मुख्य फाइल अनेकदा त्याहून मोठी असते आणि कॉपी तिथेच अडते.

सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप (कंपनीनुसार वेगळी) कळ दाबून बूट मेनूतून ड्राइव्ह निवडतात. ‘लाइव्ह’, म्हणजे न बसवता थेट चालणाऱ्या, लिनक्समध्ये मूळ प्रणाली दाबून भरलेल्या, फक्त वाचता येणाऱ्या फाइलमध्ये असते आणि बदल रॅममध्ये राहतात. मशीन बंद केले की ते जातात. ते टिकवायचे तर ‘पर्सिस्टन्स’साठी वेगळी जागा राखावी लागते. रोजच्या कामाला साध्या पेनड्राइव्हपेक्षा एसएसडी बरी, कारण छोट्या फायली लिहिताना पेनड्राइव्ह रखडतो.

सांगलीत या पद्धतीचे महत्त्व पुरामुळे जास्त जाणवते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि बाजारपेठ बुडाली. अशा वेळी दोन प्रकारची मशीन दुरुस्तीला येतात, आणि त्यांत गल्लत करणे महागात पडते. डिस्कच पाण्यात बुडाली असेल, तर ती वाळवूनही चालू करू नये. बहुतेक यांत्रिक डिस्कना हवेसाठी बारीक छिद्र असते, त्यातून पाणी आणि गाळ आत जातो. ती थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्यावी. पण कॅबिनेट वेळेत माडीवर नेलेले, फक्त चालू असताना वीज गेल्याने ‘विंडोज उडालेली’ असेल, तर लाइव्ह पेनड्राइव्ह लावून पाहावा. हळदीच्या अडत्याचा वर्षाचा हिशेब त्या डिस्कवर बहुधा शाबूत असतो. हिशेबाचे विंडोजवरचे सॉफ्टवेअर लिनक्सवर थेट चालत नाही, पण त्याचा डेटा फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर सहज कॉपी होतो. हे न करता पहिल्याच फटक्यात ‘फॉरमॅट मारणे’ ही दुरुस्ती नव्हे, ते नुकसान आहे.

दोन अडथळे नेहमी येतात. विंडोज ‘फास्ट स्टार्टअप’ने बंद झाली असेल, तर ती अर्धवट झोपेत असते आणि लिनक्स ते विभाजन फक्त वाचू देते, कॉपीसाठी तेवढे पुरते. दुसरा अडथळा अवघड आहे. अनेक नव्या लॅपटॉपची डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या सांकेतिक कुलपाने) कुलूपबंद असते आणि ४८ अंकी रिकव्हरी की नसेल, तर बाहेरून बूट करूनही एकही फाइल उघडत नाही. सिक्युअर बूट (फक्त मान्य स्वाक्षरीची प्रणाली सुरू होऊ देणारी यूईएफआयची सोय) बंद केल्यावरसुद्धा विंडोज हीच की मागू शकते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते, म्हणून गिऱ्हाइकाकडे त्या खात्याची चौकशी पेनड्राइव्ह लावण्याआधीच करतात.