दोर असलेला आणि दोर नसलेला: 'द डॉन वॉल' आणि 'फ्री सोलो'

२०१८च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत प्रस्तरारोहणावरचे दोन माहितीपट पाठोपाठ लागले: 'द डॉन वॉल' आणि 'फ्री सोलो'. दोन्हींत कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीचा तोच एल कॅपिटन, सुमारे ३,००० फूट उंचीचा ग्रॅनाइटचा सरळसोट कडा. टॉमी कॉल्डवेल हा आरोहकही दोन्हींत दिसतो. साहजिकच 'तो बिनदोराचा सिनेमा' म्हणताना लोक दोघांपैकी कोणतंही नाव घेऊन मोकळे होतात. बिनदोराची चढाई आहे ती फक्त 'फ्री सोलो'मध्ये.

आपल्याकडे सह्याद्रीतल्या अनेक सुळक्यांवर मेखा ठोकून, त्यांच्यावर भार टाकत वर सरकतात. कॉल्डवेल आणि त्याचा जोडीदार केविन जॉर्गसन यांना एल कॅपिटनच्या 'डॉन वॉल' या भिंतीवर तसं करायचं नव्हतं. वर चढायचं ते फक्त हातापायांच्या बळावर. दोर, मेखा, काहीही ओढायचं नाही. दोर कमरेला होता तो पडल्यावर झेलण्यापुरता. जानेवारी २०१५मध्ये ही चढाई जगभर गाजली, तेव्हा काही बातम्यांनीही ती बिनदोराची ठरवून टाकली होती.

दोर झेलतो म्हणूनच पडायची मुभा असते, आणि 'द डॉन वॉल'ची सगळी गोष्ट या मुभेवर उभी आहे. २७ डिसेंबर २०१४ ते १४ जानेवारी २०१५, असे १९ दिवस दोघं कड्यावर होते. झोपणं, जेवण, सगळं कड्याला टांगलेल्या तंबूत. ३२ टप्प्यांपैकी १४वा आणि १५वा सर्वांत अवघड. तिथली बोटांची पकड म्हणजे पात्यासारखी धारदार कपार, जेमतेम बोटाचं टोक टेकेल एवढी. थंडीत कातळावर पकड चांगली बसते, म्हणून चढाई बरेचदा रात्री, डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात चाले. जॉर्गसन १५व्या टप्प्यावर पुन्हा पुन्हा पडतो. बोटांची सालं निघतात, मग कातडी भरून येईपर्यंत थांबायचं, पट्ट्या गुंडाळायच्या, पुन्हा लागायचं. कॉल्डवेल तोवर बराच वर पोचलेला. सहा-सात वर्षं याच भिंतीचा ध्यास घेतलेला, डाव्या हाताची तर्जनी अपघातात गमावलेला हा माणूस एकटा पुढे जाऊ शकत होता. तो जोडीदारासाठी थांबतो. मला या चित्रपटातली ही सर्वांत मोठी घटना वाटते, शिखरापेक्षाही मोठी.

'फ्री सोलो'चा नायक, आरोहक ॲलेक्स हॉनल्ड, याला पडायची मुभाच नाही. ३ जून २०१७ रोजी तो 'फ्रीरायडर' नावाच्या वाटेने एकटा, बिनदोराचा, ३ तास ५६ मिनिटांत वर पोचला. झेलायला कोणी नसल्यामुळे पडणं, चुकणं, शिकणं हे सगळं आधीच उरकावं लागतं, म्हणून चित्रपटाचा बहुतेक भाग तयारीचा आहे. हॉनल्ड दोर लावून तीच वाट पुन्हा पुन्हा चढतो, एकेक हालचाल वहीत उतरवतो. या सरावात त्याच्याबरोबर कॉल्डवेलही आहे. जमिनीपासून सुमारे २,००० फुटांवर एक जागा आहे, जिथे अंगठ्याच्या टोकाएवढ्या पकडीवर तोल धरून डावा पाय थेट समोरच्या भिंतीवर फेकायचा. तिथे उडी मारायचा पर्यायही होता. हॉनल्डने पाय फेकायचं ठरवलं. २०१६च्या शरदात तो एकदा बिनदोराचा निघालाही, पण खालच्याच गुळगुळीत, तिरक्या कातळावर मन मानेना तेव्हा परत फिरला. हे माघार घेणं मला त्याच्या धाडसाइतकंच मोलाचं वाटतं.

आता 'जास्त अवघड कोणती?' या प्रश्नावर बहुतेकांचं उत्तर चुकतं. निव्वळ कातळाची काठिण्यपातळी पाहिली तर डॉन वॉलचे ते दोन टप्पे ५.१४डी आहेत, तर फ्रीरायडरचा सर्वांत कठीण भाग ५.१३एच्या आसपास धरतात. या मोजणीत ५.१३नंतर ५.१४ येतो, आणि प्रत्येकात ए, बी, सी, डी अशा चढत्या पायऱ्या असतात. म्हणजे अंतर तब्बल सात पायऱ्यांचं! हॉनल्डने स्वतःच्या क्षमतेच्या बऱ्याच आतली वाट निवडली होती. बिनदोराची चढाई अशीच करायची असते. कॉल्डवेल-जॉर्गसन मात्र जमेल की नाही याची खात्री नसलेल्या जागी भिडले होते.

चित्रीकरणातही हाच फरक झिरपला आहे. 'द डॉन वॉल'चे दिग्दर्शक जॉश लोवेल आणि पीटर मॉर्टिमर यांचा कॅमेरा पडणाऱ्या माणसाच्या जवळ निर्धास्त राहू शकतो. 'फ्री सोलो'चे दिग्दर्शक जिमी चिन आणि एलिझाबेथ चाय वासरहेली यांच्यापुढे वेगळाच पेच होता: आपल्या कॅमेऱ्यामुळे हॉनल्डचं लक्ष विचलित झालं तर? खाली कॅमेरा सांभाळणारा मित्र ऐन अवघड जागी तोंड फिरवतो. २०१९चं सर्वोत्कृष्ट माहितीपटाचं ऑस्कर 'फ्री सोलो'ला मिळालं, आणि तेव्हापासून 'द डॉन वॉल' त्याच्या सावलीत गेला याची मला हळहळ आहे.

दोन्ही पाहायचे असतील तर आधी 'द डॉन वॉल' पाहा. त्यात माणसं किती वेळा आणि किती क्षुल्लक कारणांनी पडतात हे डोळ्यांनी पाहिलेलं असलं, की हॉनल्ड तो पाय फेकतो तेव्हा नक्की काय पणाला लागलंय ते कोणी समजावून सांगावं लागत नाही.