बंब (पाणी तापवण्याचा)

आंघोळीचे पाणी लाकडावर किंवा कोळशावर तापवण्याचे उभे, नळकांड्याच्या आकाराचे भांडे म्हणजे बंब. महाराष्ट्रात तो मुख्यतः तांब्याचा असे. आता लोखंडी पत्र्याचे आणि स्टेनलेस स्टीलचेही मिळतात. आग विझवणाऱ्या गाडीलाही मराठीत बंबच म्हणतात, पण इथे विचार आहे तो परसात, अंगणात किंवा न्हाणीघराबाहेरच्या पडवीत पहाटे धुमसणाऱ्या बंबाचा.

त्याची रचना साधी आणि फार हुशारीची आहे. मोठ्या नळकांड्याच्या मधोमध एक अरुंद नळा उभा असतो. पाणी या दोहोंच्या मधल्या जागेत आणि विस्तव आतल्या नळ्यात. नळ्याच्या तळाशी जाळी, जाळीखाली राख पडायला जागा, बाजूला कड्या, खालच्या अंगाला पितळी तोटी आणि वर पाणी ओतायचे झाकणाचे तोंड. जळण वरून नळ्यात सोडायचे. जाळीखालून शिरलेली हवा तापून वर चढते आणि आपल्यामागे नवी हवा ओढून घेते. म्हणून एकदा पेटलेल्या बंबाला फुंकणी लागत नाही. चुलीवरच्या हंड्याला आच फक्त बुडाशी लागते, बंबात मात्र विस्तवाच्या चहूबाजूंनी पाणीच असते. रशियातला समोवार आणि काश्मिरी चहाचा समावार याच तत्त्वावर चालतात.

जळण किती लागते? वीस लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत न्यायला ८०० किलोकॅलरी उष्णता लागते. चांगल्या वाळलेल्या एक किलो लाकडातून साधारण ३,५०० किलोकॅलरी मिळतात. निम्मी उष्णता धुराबरोबर गेली असे धरले, तरी अर्धा किलो लाकडात दोन माणसांच्या आंघोळीचे पाणी निघते. वखारीत यासाठी बारीक फोडलेली लाकडे ‘बंबफोड’ म्हणून मागितली जात. याशिवाय कोकणात करवंट्या आणि नारळाची सोडणे, देशावर तुरकाट्या आणि कणसांची बुरकुंडे, कापसाच्या मुलखात पऱ्हाटी, असे ज्या भागात जे पिकेल ते बंबात जाते. लाकूड ओले असले की आधी त्यातले पाणी वाफ होऊन उडते, उष्णता त्यातच खर्च होते आणि घरभर धूर होतो.

बंबाच्या निगराणीत एक नियम सगळ्यांत वरचा: आधी पाणी, मग जाळ. नळ्यामागे पाणी आहे तोवर तांब्याचा पत्रा शंभर अंशांच्या फार वर जात नाही. पाणी नळ्याच्या खाली उतरले की तोच पत्रा लालभडक होऊ लागतो. तांबे १,०८५ अंशांना वितळते, त्यामुळे पत्रा टिकतो. पण कथील २३२ अंशांनाच वितळते, आणि कथलाचा डाग देऊन जोडलेला सांधा तिथेच सुटतो. म्हणून पाणी काढले की त्यात भर घालायची, ही जुन्या घरांतली सवय. चुकून रिकामा बंब तापलाच, तर त्यात गार पाणी मुळीच ओतू नये. वाफेचा लोट तोंडावर येतो आणि सांधे उकलतात. विस्तव खाली ओढून बंब आपोआप निवू द्यावा. झाकणही घट्ट ठोकून बसवू नये. वाफेला तीच वाट असते.

राख रोज काढावी. ती साचली की जाळीतून हवा शिरत नाही आणि बंब नुसता धुमसत राहतो. शिवाय राख ओल धरते आणि लोखंडी जाळी गंजून झडते. नळ्यातली काजळी आठवड्याने काढली तरी चालते: लांब काठीला गोणपाट गुंडाळून वरून खाली दोनचार वेळा फिरवले की भुरभुर काळा चुरा खाली पडतो. काजळीचा थर उष्णता अडवतो, म्हणून ज्या बंबाला हल्ली जास्त लाकूड लागते त्याचा नळा आधी पाहावा. पेटवायला दुधाच्या पिशव्या आणि टायरचे तुकडे घालण्याची खोड मात्र खरोखर वाईट. त्यांचा चिकट थर गोणपाटाने निघत नाही आणि तो विषारी धूर पहाटे घरातली लहान मुले हुंगतात.

विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी असेल तर आतून पांढरा क्षार धरतो. पाणी तापायला वेळ लागतो आणि बंब खुडखुडू लागतो. चिंचेचे दाट पाणी किंवा व्हिनेगर घालून रात्रभर ठेवावे, सकाळी खळखळून धुवावे. छिन्नीने खरवडू नये, पत्र्याला भोक पडते. बाहेरून चिंच आणि मीठ लावले की काळपट ऑक्साइड विरघळून तांबूस झळाळी येते. नंतर कोरडे पुसले नाही तर हिरवा कळंक चढतो. बंबातले पाणी पिण्याला किंवा स्वयंपाकाला घेऊ नये.

बंब कायम मोकळ्या हवेत पेटवावा. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि बंद न्हाणीघरात त्याने माणूस बसल्या जागी दगावतो.

पुण्यात कसबा पेठेतली तांबट आळी या कामाचे जुने ठिकाण. तिथल्या कारागिरांचे पूर्वज पेशवाईत कोकणातून आले. पत्रा हातोडीने ठोकून त्यावर एकसारखे चमकते ठसे उठवण्याच्या त्यांच्या कलेला मठारकाम म्हणतात. गळका नळा बदलणे, डाग देणे, तोटी बसवणे ही कामे जाणता तांबटच करू जाणे. गॅस, गिझर आणि सौर बंबांनंतर पुष्कळ तांब्याचे बंब मोडीत गेले, काही दिवाणखान्यात फुलदाण्या होऊन बसले. नळा शाबूत असेल तर बंब मोडीत घालणे हे नुकसानच आहे, कारण दुरुस्तीनंतर तो आणखी एक पिढी सहज चालतो.

दिवाळीत त्याचा मान मोठा. नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी बंब घासून, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून पाणी भरायचे आणि पहाटे त्याच पाण्याने अभ्यंगस्नान. गोव्यात न्हाणीतल्या चुलीवर बसवलेल्या तांब्याच्या भाणाचीही (पाणी तापवायच्या मोठ्या भांड्याची) अशीच पूजा होते.

वापर काही महिने थांबणार असेल तर बंब पूर्ण रिकामा करावा, तोटी उघडी ठेवून उलटा टेकवावा, दोन दिवस उन्हात वाळवावा आणि राखेचा कण न ठेवता कोरड्या जागी उभा करावा.