कोरड्या फाल्गुनाचा हिशोब

फेब्रुवारी संपत आला की पुण्या-नाशकाकडच्या घरांत पंख्यावरून कुरबुर सुरू होते. रात्री अकराला पंख्याशिवाय झोप लागत नाही, आणि पहाटे चारला कुणीतरी चरफडत उठून तो बंद करतं, पायाशी लोटलेलं पांघरूण शोधतं. सकाळी दुचाकीवर स्वेटर हवा असतो, दुपारी तोच डिकीत ओझं होऊन बसतो. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठून दाराच्या कडीला हात लावला की शॉक बसतो. आणि नेमक्या याच दिवसांत माठातलं पाणी गोड लागायला लागतं, गच्चीवर घातलेल्या कुरडया खडखडीत वाळतात, आणि माळावर पळस फुलतो.

या तक्रारी आणि ही सुखं यांचं मूळ जवळजवळ एकच आहे. हवेत पाणी नसतं. आपण सगळा दोष वाढत्या उन्हाला देतो, पण नुसत्या उन्हानं यातलं निम्मंही घडलं नसतं.

थोडे आकडे बघू. हवेत जास्तीत जास्त किती वाफ मावते, ते तिच्या तापमानावर ठरतं. १२ अंश सेल्सियसला एक घनमीटर हवेत साधारण १०.७ ग्रॅम वाफ मावते, ३४ अंशांना साडेसदतीस ग्रॅम. आता समजा, फाल्गुनातल्या एखाद्या दिवशी हवेत घनमीटरमागे ७ ग्रॅम वाफ आहे. पहाटे १२ अंश असताना सापेक्ष आर्द्रता, म्हणजे मावू शकणाऱ्या वाफेच्या तुलनेत प्रत्यक्ष असलेली वाफ, ६५ टक्के भरेल. दुपारी पारा ३४ वर गेला की तेवढ्याच वाफेची आर्द्रता १९ टक्क्यांवर येईल. वाफ कुठे गेली नाही, हवेची भूक वाढली. म्हणून सकाळचा आर्द्रतेचा आकडा बघून ‘हवा काही फार कोरडी नाही’ असं ठरवू नये.

दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीत साधारण ३४ घनमीटर हवा असते. म्हणजे तुमच्या अख्ख्या खोलीतल्या हवेत मिळून पाव लिटरही पाणी नाही. ऑगस्टात त्याच खोलीत साडेसहाशे-सातशे मिलिलिटर असतं.

असं होण्याचं कारण वाऱ्यात आहे. या महिन्यांत दख्खनच्या पठारावर येणारी हवा बहुतेक वेळा समुद्रावरून न येता उत्तरेच्या जमिनीवरून येते. शिवाय वरच्या थरांतली हवा सावकाश खाली उतरत असते. खाली येताना ती दाबली जाते, दाबली गेली की तापते, आणि तापत्या हवेत ढग धरणं अवघड. आकाश निरभ्र राहतं ते यामुळे.

निरभ्र आणि कोरडं आकाश दिवसा ऊन मोकळेपणानं खाली येऊ देतं आणि रात्री जमिनीची उष्णता तितक्याच मोकळेपणानं वर जाऊ देतं. हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन ही उष्णता अडवत नाहीत, वाफ अडवते. १८५६ मध्ये अमेरिकेत युनिस फूट यांनी काचेच्या नळ्या उन्हात ठेवून दमट हवा कोरड्या हवेपेक्षा जास्त तापते, हे दाखवलं होतं. (त्यांचं नाव पुढची दीडशे वर्षं फारसं कुणी घेतलं नाही, हा विज्ञानाच्या इतिहासातला जुनाच रोग.) १८५९ पासून लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल यांनी वेगवेगळे वायू किती उष्णता शोषतात ते मोजलं आणि वाफेचं महत्त्व पक्कं केलं. इंग्लंडवरची वाफ उन्हाळ्यातल्या एका रात्रीपुरती जरी काढून घेतली, तरी थंडीनं तिथली नाजूक झाडंझुडं मरून जातील, अशा अर्थाचं त्यांचं म्हणणं होतं. थोडक्यात, वाफ ही जमिनीची गोधडी आहे आणि फाल्गुनात ती फार पातळ झालेली असते. पुण्यात फेब्रुवारीत दुपारचं तापमान सरासरी ३२ अंशांच्या आसपास आणि पहाटेचं १२-१३ अंशांच्या आसपास असतं. ऑगस्टात हाच फरक सहा-सात अंशांवर येतो.

‘होळी जळाली, थंडी पळाली’ असं आपण म्हणतो खरं, पण होळी चंद्राच्या तिथीनं येते आणि थंडी सूर्याच्या हिशोबानं जाते. २०२४ मध्ये होळी २४ मार्चला होती, २०२५ मध्ये १३ मार्चला. म्हणीला एवढी मुभा द्यायलाच हवी.

पंख्याच्या भांडणात मात्र तिसरा पक्षही आहे: स्लॅब. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ती उष्णता खोलीत उतरायला काही तास लागतात. बाहेर गच्चीवर गार वारा सुटलेला असतो तेव्हा आत छत अजून ऊब सोडत असतं. रात्री अकराला पंखा मागणारा बरोबरच असतो. पहाटेपर्यंत स्लॅब निवतो, अंगाची उष्णता निर्मितीही झोपेत कमी झालेली असते, आणि पंख्याचा तोच वारा आता बोचतो. म्हणजे पंखा बंद करणाराही बरोबर. मराठवाड्यातल्या धाब्याच्या घरांत हे भांडण इतकं होत नसे, कारण जाडजूड भिंती आणि मातीचं छत यांतून दुपारचं ऊन आत पोचायला जवळजवळ रात्र उलटून जायची. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी संध्याकाळी सगळ्या खिडक्या सताड उघडाव्यात. डासांचं काय करायचं, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

आता कातडीकडे येऊ. आपल्या त्वचेच्या सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो, बहुतेक ठिकाणी मिलिमीटरचा शंभरावा ते पन्नासावा भाग इतका पातळ. त्यात पाणी असतं तोवर तो लवचिक राहतो. पाणी दहाएक टक्क्यांच्या खाली गेलं की तो ठिसूळ होतो आणि हालचालीबरोबर तडकतो. ओठांवर तेलग्रंथी जवळजवळ नसतात, तळपायांवर तर नसतातच, म्हणून आधी तडकतात ते ओठ आणि टाचा. ओठांवरून जीभ फिरवली की क्षणभर बरं वाटतं, पण ती थुंकी उडून जाताना ओठ आणखी कोरडे करून जाते. टाचांना कोकणात कोकमाचं तेल लावतात. तेल म्हणायचं, पण ते बियांपासून काढलेलं, एरवी घट्ट असणारं आणि ४० अंशांच्या आसपास वितळणारं स्निग्ध असतं. किंचित गरम करून भेगांत भरलं की ते तिथेच थिजतं आणि आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. महागड्या क्रीमचं कामही मुख्यतः हेच.

लहान मुलांचा घोळणा फुटतो तो याच दिवसांत. नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं अगदी वरवर असतं. तिथलं अस्तर सुकून तडकलं आणि त्यात बोट गेलं, की झालं. अशा वेळी मान मागे टाकायला लावणारे सल्लागार प्रत्येक घरात असतात. तसं करू नये, रक्त घशात उतरतं. पुढे वाकून बसावं आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरून ठेवावा. रक्त त्यानंतरही थांबलं नाही तर डॉक्टरकडे जावं.

घामाचं प्रकरण जरा फसवं आहे. ‘आमच्याकडे ऊन असलं तरी घाम येत नाही’ असं देशावरची माणसं मुंबईकरांना कौतुकानं सांगतात. घाम येतोच. तो कातडीवर दिसण्याआधी उडून जातो, इतकंच. काळ्या शर्टाच्या पाठीवर संध्याकाळी मिठाच्या पांढऱ्या रेघा दिसतात त्या कुठून आल्या? घाम दिसत नाही म्हणून पाणी पिणं राहून जातं, लघवी दाट होते, जळजळते आणि मग ‘उन्हाळी लागली’ म्हणत धण्याचं पाणी उकळायला ठेवतात. धण्यापेक्षा त्या निमित्तानं पोटात जाणारं पाणी महत्त्वाचं.

शॉकचीही गोष्ट अशीच. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना लागून सुटले की एकावरचे काही इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर जातात, हे बारा महिने चालू असतं. पावसाळ्यात वस्तूंवर ओलाव्याचा अदृश्य पापुद्रा असतो आणि त्यावरून तो विद्युतभार गुपचूप वाहून जातो. फाल्गुनात हा पापुद्रा नसतो. पॉलिएस्टरचे कपडे आणि प्लास्टिकची खुर्ची यांच्या घसटीत आपल्या अंगावर काही हजार व्होल्ट सहज साठतात. शॉक जाणवायलाच साधारण तीन हजार व्होल्ट लागतात. आकडा भीतीदायक आहे, पण त्यातली ऊर्जा मिलिज्यूलच्या अर्ध्या भागाएवढी, म्हणजे नगण्य. कडीला बोट लावण्याआधी हातातली किल्ली टेकवावी. ठिणगी किल्लीवर पडते, आणि प्रवाह बोटाच्या एका बिंदूऐवजी पकडीच्या सगळ्या भागातून गेल्यामुळे टोचत नाही.

इतकं सोसल्यावर माठ. पाण्याचं बाष्पीभवन व्हायला भरपूर उष्णता लागते, ग्रॅममागे ५८० कॅलरींच्या आसपास, आणि ती माठाच्या पाझरलेल्या भिंतीतून, म्हणजे पर्यायानं आतल्या पाण्यातून घेतली जाते. दहा लिटर पाणी दहा अंशांनी गार करायला हिशोबानं फक्त पावणेदोनशे मिलिलिटर पाणी उडावं लागतं. फुलपात्रभर, बस. प्रत्यक्षात बाहेरची ऊबही सतत आत येत असते, म्हणून थोडं जास्त उडतं. पाणी किती गार होऊ शकेल याची मर्यादा माठ ठरवत नाही, हवा ठरवते. ३५ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ही मर्यादा १९ अंशांच्या जवळ असते; ३२ अंश आणि ६५ टक्के असेल तर साडेसव्वीसच्या जवळ. मुंबईत माठ ‘चालत नाही’ तो कुंभाराच्या चुकीनं नव्हे. देशावर मात्र जुना माठ गार करेनासा झाला, तर जड पाण्यातल्या क्षारांनी त्याची छिद्रं बुजली असं समजावं आणि नवा आणावा. माठ खिडकीशी, वारा लागेल पण ऊन लागणार नाही असा ठेवावा. कपाटाच्या कोपऱ्यात कोंडलेला माठ गार करत नाही, कारण त्याच्याभोवतीची हवा ओली होऊन बसते.

वाळवणाचं गणितही तेच. मघाच्या उदाहरणातल्या फाल्गुनी दुपारच्या हवेत घनमीटरमागे अजून तीस ग्रॅम वाफेला जागा आहे. मुंबईच्या ३२ अंश आणि ६५ टक्क्यांच्या हवेत ती बारा ग्रॅमच उरते, आणि पुण्याच्या ऑगस्टातल्या हवेत साडेतीन. कुरडईचा शिजवलेला चीक सोऱ्यातून पडतो तेव्हा पाण्यानं फुगलेला असतो. तो लवकर सुकला नाही तर बुरशी टपलेलीच असते. सूक्ष्मजीवांना वापरता येईल असं पाणी एका पातळीखाली गेलं, की ते मरत नाहीत पण वाढूही शकत नाहीत, आणि कुरडई वर्षभर टिकते. मात्र शेवटचा थोडा ओलावा तिच्यात राहावाच लागतो. तळताना तोच फटकन वाफ होऊन तिला फुलवतो. सादळलेली कुरडई तेल पिते आणि पार कोरडीठाक झालेली फुलत नाही. ज्या बायका कुरडई मोडून तिच्या आवाजावरून ‘झाली’ म्हणतात, त्या हाच ओलावा कानानं मोजत असतात.

मुंबईचं हवामान मार्चमध्ये मात्र कधीकधी अगदीच पलटी खातं. तिथे दुपारी समुद्रावरून येणारा वारा पारा ताब्यात ठेवतो. पूर्वेचा, जमिनीवरचा वारा जोरात असला की हा समुद्रवारा दुपारी उशिरापर्यंत आत शिरू शकत नाही. त्यातून घाट उतरून येणारी कोरडी हवा किलोमीटरमागे जवळजवळ दहा अंशांनी तापते. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. तिथली ३४ अंशांची हवा खाली किनाऱ्यावर आली, तर कागदावरच्या हिशोबानं चाळिशीच्या जवळ पोचते. सांताक्रूझच्या वेधशाळेत २८ मार्च १९५६ ला ४१.७ अंशांची नोंद झाली. मुंबईचे सर्वांत तापलेले दिवस मे महिन्यापेक्षा मार्चमध्ये अनेकदा येतात, ते यामुळे.

मला या ऋतूत सगळ्यात विलक्षण वाटतात ती झाडं. झाड मुळांनी ओढलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून जास्त पाणी पानांतून हवेत सोडून देतं. मग हवा सर्वांत तहानलेली असताना, पाऊस तीन महिने लांब असताना, पळस आणि काटेसावर फुलतात कसे, आणि कुसुंब, पिंपळ नवी पालवी काढतात कशी? अभ्यासकांनी या प्रकाराला आशियातल्या मोसमी जंगलांचं कोडं म्हटलं आहे. उत्तराचा अर्धा भाग पानगळीत आहे. जुनी पानं टाकली की पाण्याची गळती थांबते आणि खोल जमिनीतलं पाणी हळूहळू खोडात भरत जातं. खोड भरलं की कळ्या फुगायला लागणारा दाब मिळतो. उरलेला अर्धा भाग दिवसाच्या लांबीत आहे. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवस रोज सुमारे एका मिनिटानं वाढतो, आणि कित्येक झाडं एवढासा बदलही टिपतात. पावसाची वाट न बघता पानं काढण्याचा फायदा असा, की जूनमध्ये पाऊस पडतो तेव्हा पानं तयार असतात, आणि पावसाबरोबर किड्यांची झुंबड उडते तेव्हा ती कोवळी राहिलेली नसतात. कुसुंबाची नवी पालवी लालभडक दिसते ती अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे. हरितद्रव्य पुरेसं तयार होईपर्यंत ते कोवळ्या पानाला प्रखर उन्हापासून सांभाळतं, असं मानलं जातं.

सगळीच झाडं या वाटेनं जात नाहीत. साग पावसाच्या तोंडापर्यंत बोडका राहतो. सालई फुलून घेते, पण पानांसाठी पावसाची वाट बघते. सह्याद्रीच्या घाटउतारांवर किंवा ताडोब्यात हा फरक बघायचा असेल तर गुढीपाडव्याच्या आगेमागे जावं. नंतर थोड्याच आठवड्यांत कुसुंब हिरवा होतो आणि गर्दीत ओळखू येत नाही.